मे महिन्याचा आकडा

(दहावी १९९१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)

 

संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. "तू कॉलेजची मुलं घेऊन खेड्यात जातेस ना, त्याबद्दल बोल," असं सांगितलंय. मागून सोलकढीचा वास येतोय, त्यामुळे पंधराची सोळा होणार नाहीत, काळजी करू नका.

मी ठाण्याकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. त्यातली बारा-पंधरा मुलंमुली घेऊन मी मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर पाण्याच्या कामाला जाते. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीपने विहीगाव, खोडाळा आणि पुढे. हा पालघर जिल्हा. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, मुंबईला पाणी पाजणारी वैतरणा त्याच डोंगरांतून वाहते, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांना टँकर लागतो. बाहेरच्यांना याचं फार नवल वाटतं. आपल्याला चिपळूणकरांना वाटायचं कारण नाही. आपल्याकडे पाऊस त्याहून जास्त, तरी मे महिन्यात वरच्या वाड्यांतल्या बायका पऱ्याच्या खड्ड्याशी हंडा लावून बसतातच की. आपल्या जांभ्यातून पाणी झिरपून निघून जातं, तिकडच्या काळ्या कातळावरून वाहून जातं, एवढाच काय तो फरक.

लोक नेहमी विचारतात, गावात जाऊन तुम्ही काय केलंत? फोटो आहेत का? मला आज सांगायचंय ते जायच्या आधीच्या तयारीबद्दल. कारण आमचा पहिला प्रकल्प फसला तो गावात गेल्यावर नाही, निघायच्या आधीच फसला होता. आम्हाला ते मे महिन्यात कळलं.

२०१४ सालची गोष्ट. तेव्हा पालघर वेगळा व्हायचा होता, जिल्हा ठाणेच होता. डिसेंबरात परीक्षा संपल्या की जानेवारीत थोडी मोकळीक मिळते, म्हणून आम्ही जानेवारीत गेलो. हवा छान, मुलं उत्साहात. तयारी म्हणाल तर कडेकोट! ऑटो लेव्हल, स्टाफ, टेप, कॅलक्युलेटर, टोप्या, बिस्किटांचे पुडे, पहिल्या दिवशी घालायचे एकसारखे टी-शर्ट. मी 'मॅडम', त्यामुळे मला ओटीवर प्लास्टिकची खुर्ची. समोर पाड्यातले पाच-सहा पुरुष. आम्ही विचारलं पाणी कुठून आणता, त्यांनी सांगितलं वरच्या झऱ्यावरून. बायका दाराआड उभ्या होत्या. मी स्वतः बाई, पण उठून आत गेले नाही. खुर्ची मिळाली की माणूस बसून राहतो.

झऱ्यावर गेलो. पंधरा लिटरची बादली धारेखाली धरली, ती ७० सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला साडेअठरा हजार लिटर. घरोघरी जाऊन माणसं मोजली, १३४ भरली. तेव्हा ग्रामीण भागाचा हिशेब माणशी ४० लिटरचा असायचा. आता जल जीवन मिशनमध्ये तो ५५ आहे. १३४ गुणिले ४० म्हणजे ५,३६० लिटर. गरजेच्या तिपटीहून जास्त पाणी! झरा पाड्यापेक्षा २८ मीटर उंच, पाइप ९०० मीटर, पंप नको, वीज नको, नुसत्या उताराने पाणी घरापाशी. माझी मुलं नाचायचीच बाकी होती. एका कंपनीकडून पैसे मिळाले, मार्चमध्ये पाइप पडला, टाकी झाली, नारळ फुटला. वर्तमानपत्रात फोटोसुद्धा आला. माझ्या सासूबाईंनी तो कापून ठेवला होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाड्यातल्या एका पोराचा फोन आला. मॅडम, या.

गेले. झऱ्यापाशी पाइप कुऱ्हाडीने तोडलेला होता. कुणी तोडला ते मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. बादली लावली. पंधरा लिटर भरायला साडेपाच मिनिटं लागली. दिवसाचे चार हजार लिटरही नाहीत. आणि पाड्यात माणसं होती २०१.

ही जास्तीची ६७ माणसं कुठून आली? ती तिथलीच होती. दिवाळी झाली की निम्मी घरं बंद होतात. वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर, बांधकामावर, कुठे कुठे माणसं जातात. होळीला येतात, काही परत जातात, आणि पावसाच्या आधी पेरणीसाठी सगळी घरी येतात. आम्ही जानेवारीत कुलूप लावलेल्या घरांना 'रिकामं घर' लिहून पुढे गेलो होतो. म्हणजे पाणी भरपूर आणि माणसं कमी असताना आम्ही दोन्ही मोजली. खरा हिशेब उलटा होता. माणशी २० लिटरसुद्धा पडत नव्हतं.

तेही एक वेळ चाललं असतं. त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. झऱ्याचं ओसंडणारं पाणी पूर्वी ओघळातून खाली एका डबक्यात साठायचं. तिथे गुरं यायची आणि खालच्या पाड्यातल्या बायका पाणी भरायच्या. तो खालचा पाडा आमच्या नकाशात नव्हता. आम्ही झऱ्यावर काँक्रीटची पेटी बांधली आणि थेंबन् थेंब पाइपात घातला. खालच्यांचं पाणी आम्ही बंद केलं होतं, आणि वर त्याचा नारळ फोडला होता.

तिथे एक आजी बसल्या होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही आलात तेव्हा पाणी होतंच की. नसतं तेव्हा कोण येतं?

आता मला तुमच्यासमोर, आणि विशेषतः पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या भूगोलाच्या सरांसमोर, एक कबुली द्यायची आहे. सर, तुम्हाला विहिरीची वही आठवते?

बाकीच्यांना आठवत असेलच. शाळेच्या मागची जांभ्याने बांधलेली विहीर. सरांनी एका सुंभाला फुटाफुटावर गाठी मारल्या होत्या आणि टोकाला दगड. शनिवारी सकाळची शाळा, कवायत झाली की एकाने कठड्यावरून सुंभ सोडायचा, दुसऱ्याने गाठी मोजायच्या, तिसऱ्याने वहीत तारीख आणि आकडा लिहायचा. वर्षाच्या शेवटी आलेखाच्या कागदावर रेघ काढायची. आम्हाला ती शिक्षा वाटायची. मे महिन्यात सुट्टी, म्हणून सर विहिरीजवळच्या मुलांना जबाबदारी द्यायचे. नववीची परीक्षा झाली, म्हणजे १९९० चा मे, तेव्हा ती माझ्याकडे होती. आमचं घर शाळेच्या मागच्याच आळीत. मी आजोळी गेले. गुहागरला आंबे, समुद्र, मावसभावंडं. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रात्री मी चारही शनिवारांचे आकडे घरी बसून लिहिले. एप्रिलचा शेवटचा आकडा घेतला आणि दर आठवड्याला अर्धा-अर्धा फूट वाढवत गेले. मला वाटलं, अगदी शास्त्रीय.

सरांनी वही बघितली. त्या चार आकड्यांभोवती लाल पेन्सिलने गोल काढला. बोलले काहीच नाहीत. मी वर्षभर वाट बघत होते की आता बोलतील, मग बोलतील.

त्या दिवशी तोडलेल्या पाइपापाशी मला तो लाल गोल दिसला. खोटं नाही सांगत. मे महिन्याचा आकडा मी दुसऱ्यांदा घरी बसून लिहिला होता. फक्त या वेळी त्यावर पाइप टाकला होता.

काल मी शाळेत जाऊन ती वही विचारली. २०२१ च्या जुलैच्या पुरात तळमजल्यावरचं कपाट गेलं, त्यात गेली असणार असं कळलं. म्हणजे पुरावा वाशिष्ठीने नेला. पण सर, साक्षीदार आहे.

(हशा)

असो. मग आम्ही तिथे काय केलं ते थोडक्यात सांगते. दोन्ही पाड्यांना एकत्र बसवायला आम्हाला दोन महिने लागले, आणि बसवलं आम्ही नाही, तिथल्या अंगणवाडीच्या ताईंनी. पेटीला एकाच पातळीवर दोन सारख्या तोट्या काढल्या, एक वरच्या पाड्याची, एक खालच्या. धार कितीही बारीक झाली तरी वाटणी सारखी होते आणि ती डोळ्यांना दिसते. हंडे विसळल्याचं पाणी गुरांच्या दोणीत जातं. जुनी विहीर उपसून गाळ काढला. टँकर थांबला का? नाही. पूर्वी मार्चअखेरीस लागायचा, आता मेच्या सुरुवातीला लागतो. एवढंच झालंय. आम्ही ते 'यशस्वी प्रकल्प' म्हणून कुठे लिहीत नाही.

पण तयारी मात्र बदलली. आता आमचा प्रकल्प जानेवारीत सुरू होतो आणि अवजारं घेऊन आम्ही जातो मे महिन्यात. परीक्षेच्या तोंडावर की परीक्षेनंतर, यावर दर वर्षी माझं आणि विभागाचं वाजतं. उन्हात मुलं आजारी पडतील, असं म्हणतात. पडतात एखाद-दोन. लिंबू-सरबत पाजते.

जानेवारीत पहिल्यांदा जायचं ते रिकाम्या हातांनी. टेप नाही, वही नाही, फोटो नाही, बिस्किटं तर नाहीतच. बिस्किटांबद्दल मुलं भांडतात, म्हणतात मॅडम, लहान मुलांना आनंद होतो. होतो ना. पण मग पुढच्या खेपेला मुलं आमच्या भोवती हात पसरून उभी राहतात, आणि त्यांच्या आईला ते आवडत नाही. तिने मला तसं सांगितलंय. जेवण एखाद्या मावशींच्या घरी सांगतो, शिधा आपला, आणि रांधल्याचे पैसे ठरवून देतो. नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन. शहरातली दोन पोरं हमखास विचारतात, पनीर नाही का? मी त्यांना वाढपी करते.

ओटीवर मी आता बसत नाही. पहिल्याच दिवशी दोन मुली आणि एक मुलगा पहाटे हंड्यांबरोबर जातात. मुलालाही पाठवते मुद्दाम. त्याने रिकामा हंडा नेऊन भरलेला आणायचा. पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर घेऊन कातळावरून उतरताना मान कशी होते, ते माझ्या व्याख्यानात येत नाही. मुली तिथे बसून गप्पा मारतात. पहिली बाई किती वाजता येते, शेवटची किती वाजता, कोण येत नाही, लग्न निघालं की पाणी कुठून आणता, कुठल्या झऱ्याला कधी पाणी नव्हतं. बंद घरांची यादीही तिथेच होते. हे घर कुणाचं, ते कुठे गेलेत, किती माणसं, कधी येणार. कागदावर 'रिकामं घर' हा शब्द लिहायला मी बंदी केली आहे.

आणि कॉलेजात दर शनिवारी सराव. मोबाईलवर उंची दिसते म्हणून मुलांना वाटतं लेव्हलिंग कशाला. मी त्यांना एकाच पायरीवर तीन फोन ठेवायला सांगते. तीन फोन तीन उंची दाखवतात, दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे. ज्या पाइपाला सगळा उतारच २८ मीटरचा, तिथे ही चूक केली की पाणी वर चढायचं राहतं. मग गवंड्याची पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरून बुडबुडा राहू न देणं हेच मुलांना आठवडाभर जमत नाही. कॉलेजच्या गेटपासून निघायचं, टेकडी चढायची, परत गेटपाशी यायचं, आणि निघताना होती तीच उंची यायला हवी. फरक आला तर सगळं पुन्हा. कुणी शेवटचा आकडा हाताने जुळवला तर मला कळतं. मला कळणारच ना! त्यात मी जुनी खेळाडू.

होस्टेलवर एक रविवार फक्त २० लिटरांत काढायचा, हेही तयारीत आहे. प्यायला, आंघोळीला, संडासला, कपड्यांना, सगळं मिळून. संध्याकाळी त्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. गेल्या वर्षी एकाने दुपारी बारालाच पाणी संपवलं आणि तो सिनेमाला गेला, तिथल्या स्वच्छतागृहात आंघोळीचा विचार करून. हुशार मुलगा, पण त्याला मी हिशेब लिहायला बसवलं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. ग्रामपंचायतीचं पत्र, पालकांची संमती, आणि झरा बहुतेक वेळा वनखात्याच्या हद्दीत असतो, त्यामुळे त्यांची परवानगी. ती सगळ्यात आधी मागायची, कारण ती सगळ्यात शेवटी मिळते. सापाचं मात्र सांगते, कारण ती यादी आपल्या वर्गातल्या डॉक्टरांनी करून दिली आहे, ते इथेच बसलेत. पायात बूट, हातात विजेरी, जमिनीवर झोपायचं नाही. मण्यार रात्री अंथरुणात येते आणि चावल्याचं कळतही नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यांना फोन करून विचारायचं, सर्पदंशावरचं इंजेक्शन आज तुमच्याकडे आहे का? 'असतं' या उत्तरावर थांबायचं नाही. 'आज आहे का' असंच विचारायचं. आजपर्यंत गरज पडली नाही.

सगळ्यात अवघड तयारी म्हणजे तोंड बंद ठेवायची. मुलं चांगल्या मनाची असतात, पहिल्याच दिवशी म्हणून बसतात, मावशी, आम्ही करून देऊ तुम्हाला नळ. या वाक्याची आम्ही तालीम करतो, म्हणजे न बोलण्याची. मी मावशी होते आणि मुलांना विचारते, काय रे बाळा, पाणी कधी देणार? जो तारीख सांगतो तो बाद. काय म्हणायचं मग? म्हणायचं, आधी मे महिन्यात किती येतं ते मोजू या, तुम्ही मोजायला मदत कराल का?

आणि ती मदत होते. हे मला सरांना मुद्दाम सांगायचं होतं. आपल्या वहीत मे कोरा राहायचा कारण मे महिन्यात आपण सुट्टीवर. तिकडची मुलं आश्रमशाळेत वसतिगृहावर राहतात आणि मे महिन्यातच घरी येतात. आता ज्या पाड्यावर आमचं काम चाललंय, तिथे आठवीतली एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात दर शनिवारी बादली आणि आईचा फोन घेऊन झऱ्यावर जायची. घड्याळ लावायचं, सेकंद लिहायचे. पाड्यात रेंज नाही, म्हणून टेकाडावर चढून आमच्या मुलांना आकडा कळवायचा. एका शनिवारी तिने सांगितलं, आज मोजलं नाही, मावशीचं लग्न होतं. आमच्या मुलाने वहीत लिहिलं, 'मोजलं नाही, मावशीचं लग्न.' मी त्या ओळीखाली बरोबरची खूण केली. तिच्या मेच्या आकड्यांवरून आमच्या डोक्यातला पाइप आम्ही रद्द केला. तिथे पाइप घालण्यात अर्थ नाही. या वेळी रात्रीची धार साठवायला टाकी आणि विहिरीचं काम, एवढंच धरलंय. पाड्यातल्यांना ते फारसं आवडलेलं नाही, नळच हवाय. जानेवारीत त्यावरच बोलायला जायचंय, आणि ती बैठक सोपी नसणार.

काल वही विचारायला गेले तेव्हा विहिरीशीही गेले होते. वर जाळी बसवली आहे, पंप आहे, पण विहीर तीच. शिपाईकाकांनी जाळीचं दार उघडून दिलं. सुंभ नव्हता, नायलॉनच्या दोरीला गाठी मारल्या. पाणी कठड्यापासून चौदा फुटांवर आहे. तारीख घालून आकडा नव्या वहीत लिहिला आणि वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. शाळेमागे राहणाऱ्या कुणाची नात-पुतणी इथे शिकत असेल तर मेच्या सुट्टीतलं बघा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही निघतोय, मुक्काम पाच दिवस. मला दोन गोष्टी हव्या आहेत. आपल्यातल्या कुणा कंत्राटदाराकडे जुनी पण दुरुस्त असलेली ऑटो लेव्हल पडून असेल तर पाच दिवसांसाठी द्या, आमच्या एकीचा तिपाई पाय मोडलाय. आणि कसाऱ्याहून सुटणाऱ्या जीपमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. सर, तुम्ही म्हणालात की गुडघे दुखतात, म्हणून पुढची सीट तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. झऱ्यापर्यंत चढायचं नाही, खाली अंगणवाडीत बसून आकडे तपासायचे. लाल पेन्सिल मी आणते.